पेशंटसोबत कोण आहे?

परळला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर सकाळी रांगेत उभी असलेली सगळी माणसं आजारी नसतात. एकेका पेशंटमागे एक, कधी दोन माणसं असतात. ओळखायची खूण सोपी, फाईल त्यांच्या हातात असते. फाईल, स्कॅनची मोठी पिशवी, पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा, मोबाईलचा चार्जर. आत नंबर लागला की आवाज येतो, "पेशंटसोबत कोण आहे?" आणि यातलं एक माणूस हात वर करतं. सही त्याने करायची, पैसे त्याने भरायचे, रिपोर्टसाठी दुसऱ्या इमारतीत त्याने पळायचं, आणि डॉक्टर जे हळू आवाजात सांगतात ते त्याने ऐकून घ्यायचं. रेल्वेनेही या माणसाची दखल घेतलेली आहे. उपचारासाठी निघालेल्या कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के. तिकिटाबाहेर मात्र त्याची चौकशी फारशी कुणी करत नाही.

हा लेख त्या सोबत्याबद्दल आहे. त्यातही नवरा किंवा बायको असलेल्या सोबत्याबद्दल, आणि तेही आजार अशा टप्प्यावर आलेला असताना की बरं करण्याची भाषा डॉक्टरांनी थांबवलेली आहे. 'चौथी स्टेज', 'लिव्हरमध्ये उतरलंय', 'आता फक्त त्रास कमी करायचा' ही वाक्यं ज्यांनी ऐकली आहेत त्यांच्याबद्दल. आईवडिलांचं करणारी मुलंही थकतात, खचतात. पण जोडीदाराच्या बाबतीत एक वेगळीच कोंडी होते. आजवर कुठलंही संकट आलं की रात्री दिवा मालवल्यावर ज्या माणसाशी बोलायचं, तेच माणूस आता संकटात असतं. बोलायचं कुणाशी?

योगायोग म्हणा, पण ज्या 'टाटा'च्या दारात ही माणसं उभी असतात, त्याची मुळंही एका नवऱ्याच्या दुःखात आहेत. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियाने गेल्या. दोराबजींनी पत्नीच्या नावाने रक्ताच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी ट्रस्ट काढला आणि १९३२ मध्ये तेही गेले. त्यांच्या स्वतःच्या नावाच्या ट्रस्टने उभं केलेलं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ला सुरू झालं. दोराबजींपाशी पैसा होता, डॉक्टर होते, परदेशी जायची ऐपत होती. मेहेरबाईंच्या अखेरच्या दिवसांत त्यांच्यावर काय गुजरली, ते मात्र कुठल्या अहवालात असण्याचं कारण नाही.

*

डोंबिवलीच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना भेटलो तेव्हा पत्नीला जाऊन वर्ष होत आलं होतं. अंडाशयाचा कॅन्सर. कळला तेव्हाच पोटात पसरलेला. डॉक्टरांनी त्यांना आणि मोठ्या मुलाला केबिनमध्ये बोलावून चित्र काढून समजावलं. बाहेर पडल्यावर मुलगा पहिलं वाक्य बोलला, "आईला सांगायचं नाही." त्यांनी मान डोलावली. मग घरात ठरलं: गाठ आहे, पण साधी, औषधाने विरघळेल. रिपोर्ट कपाटावरच्या बॅगेत गेले. फोन आला की गॅलरीत जाऊन बोलायचं. सून स्वयंपाकघरात रडायची तेव्हा कुकर लावायची, शिटीचा आवाज व्हावा म्हणून.

"मी रोज तिच्यासमोर बसून खोटं बोलत होतो," ते म्हणाले. "ती विचारायची, पोट अजून का फुगतंय? मी म्हणायचो, औषधाची उष्णता आहे. तेहेतीस वर्षांत मी तिच्यापासून लपवलेली गोष्ट म्हणजे एक एफडी. आणि आता हे."

पुढे घरी येऊन बघणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, टीममधल्या नर्सने त्यांना पाणी आणायला पाठवलं आणि पत्नीला सहज विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं, काय झालंय?" त्या म्हणाल्या, "मला सगळं माहीत आहे. केमोच्या खोलीत बाजूच्या खाटांवर कोण असतं ते दिसतं ना. पण ह्यांना सांगू नका. ह्यांना झेपायचं नाही."

एकाच पलंगावर दोन माणसं, दोघांनाही खरं माहीत, आणि दोघंही एकमेकांना सांभाळण्यासाठी नाटक करतात. बार्नी ग्लेसर आणि अन्सेल्म स्ट्रॉस या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या इस्पितळांत फिरून १९६५ साली यावर पुस्तक लिहिलं. त्यात या दुहेरी सोंगाला एक स्वतंत्र प्रकार म्हणून जागा दिली आहे. आपल्याकडे पुस्तकाची गरज नाही. कॅन्सरवर काम करणाऱ्या कुठल्याही समाजसेविकेला विचारा, "त्यांना काही सांगू नका हं" हे वाक्य तिने किती तोंडांतून ऐकलं आहे. ते नातेवाईक कपटी नसतात. धीर सुटेल, जेवण सोडेल, काही बरंवाईट करून घेईल, ही भीती खरीच असते. शिवाय मरणाचं नाव काढलं की ते दारात येतं, ही समजूत आपल्या हाडीमाशी आहे. पण या लपवाछपवीची किंमत कोण भरतं, हे कुणी बघत नाही. मुलं ऑफिसला जातात, भाऊबंद रविवारी येतात. खोटं चोवीस तास निभावायचं असतं ते नवऱ्याला किंवा बायकोला. माझ्या मते जोडीदाराच्या एकटेपणाची सुरुवात आजाराच्या दिवशी होत नाही. केबिनबाहेर ही मान डोलावली जाते त्या दिवशी होते. या विषयावर जितक्या जणांशी बोललो, तितकं हे मत पक्कं होत गेलं.

याचा अर्थ पेशंटला समोर बसवून सगळं एकदम ऐकवायचं असा नाही. अनुभवी डॉक्टर 'सांगायचं की नाही' हा प्रश्नच घेत नाहीत. ते पेशंटलाच विचारतात: तुम्हाला किती माहीत आहे? अजून किती जाणून घ्यायचंय? की माझं बोलणं घरच्या कुणाशी व्हावं असं वाटतं? काही जण म्हणतात, मला नको, ह्यांच्याशी बोला. तोही त्यांचा हक्कच. पण मग ते त्यांनी सांगितलेलं असतं, त्यांच्यावर लादलेलं नसतं.

डोंबिवलीत नर्सने दोघांना एकत्र बसवलं. पुढे काय झालं विचारलं तर ते हसले. "आम्ही भांडलो. कडाकडा. ती म्हणाली, तुम्ही मला मूर्ख समजलात. मी म्हटलं, तू पण लपवलंस." मग रात्रभर बोलणं झालं. लॉकरची किल्ली, कुठल्या सुनेला कुठला दागिना, ह्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या सकाळी कुठल्या आणि रात्री कुठल्या, कामवाल्या मावशींचा राहिलेला बोनस. "आणि मग ती म्हणाली, आता निदान माझ्यासमोर रडा तरी." शेवटचे काही महिने आजार तोच होता, वेदनाही होत्याच. पण ते म्हणतात, त्यांना पुन्हा बायको मिळाली.

*

धर्मशाळांमध्ये दुसरं जग असतं. दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. बाहेरगावचे पेशंट आणि त्यांचे सोबती अशा ठिकाणी राहून उपचार घेतात, आणि जागा मिळाली नाही तर फुटपाथ असतोच. नगर जिल्ह्यातल्या एक बाई भेटल्या. नवरा शेतकरी, तंबाखूची सवय शाळेपासूनची. गालाचा कॅन्सर, ऑपरेशन झालं, 'लाईट' (रेडिएशन) झाली, आणि वर्षाच्या आत पुन्हा उलटला. आता तोंडाने काही जात नाही. नाकातून नळी.

त्या नळीतून जेवण देताना त्यांच्याजवळ बसलो. नाचणीची पेज दुधात, वर उकडलेल्या अंड्याचा बलक आणि चमचाभर तेल, सगळं मिक्सरमधून काढून पंच्याच्या फडक्यातून दोनदा गाळलेलं. एक कण राहिला तरी नळी तुंबते. नवऱ्याच्या पाठीमागे दोन उशा, मान उंच. आधी सिरिंजने थोडं पाणी, नळी मोकळी आहे याची खात्री. मग सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला लावायची, पेज ओतायची, आणि सिरिंज हाताने उंच धरायची. दट्ट्याने ढकलायचं नाही, आपसूक उतरू द्यायचं. हात अवघडतो. शेवटी परत पाणी. त्यानंतर अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही. दर दोन-अडीच तासांनी हेच. हे सगळं त्या इतक्या सराईतपणे करत होत्या की कुणालाही वाटावं, नर्सिंग शिकल्या असतील. शिक्षण सातवी.

"सुरवातीला नळी नव्हती तवा लई भांडणं झाली," त्या म्हणाल्या. "मी म्हनायची, दोन घास खावा. ते मान फिरवायचे. मला वाटायचं, जगायचीच इच्छा न्हाई. एकदा रागात वाटी आपटली मी. सासूबाई गावावरनं फोन करायच्या, त्याला खायला घाल, सुकलाय तो. जसं काय मीच उपाशी ठेवलंय."

आपल्याकडे प्रेम, काळजी, माफी, सगळं ताटात वाढलं जातं. म्हणून आजारी माणसाने ताट सरकवलं की वाढणाऱ्याला ते स्वतःला नाकारल्यासारखं लागतं. इथे एक वैद्यकीय गोष्ट माहीत असली तर घरातली निम्मी भांडणं मिटतील. वाढलेल्या कॅन्सरमध्ये माणूस सुकतो तो केवळ कमी खाल्ल्याने नव्हे. आजार शरीराची चयापचयाची घडीच बिघडवतो. स्नायू झिजत जातात आणि भूक आतूनच मरते. याला कॅकेक्सिया म्हणतात. २०११ साली या विषयातल्या तज्ज्ञांनी त्याची जी व्याख्या ठरवली, तिच्यातच हे म्हटलेलं आहे की नेहमीच्या आहारपूरक उपायांनी ही झीज पूर्णपणे भरून काढता येत नाही. म्हणजे अजून चार घास कोंबले म्हणून वजन परत येणार नाही. उलटी आणि ठसका मात्र नक्की येईल. बाईंना हे एका डॉक्टरांनी नीट बसून सांगितलं. "त्या म्हनल्या, ताई, ते तुमच्यावर रागावून खात न्हाईत असं न्हाई, त्यांच्या अंगाला ते लागतच न्हाई. मी तितंच बसले भिताडाला टेकून. लई दिवसांनी हलकं वाटलं."

सासूबाईंना कोण सांगणार, हा प्रश्न राहतोच.

*

आता ज्याबद्दल कुणी उघड बोलत नाही, त्याकडे येतो. राग आणि 'हे एकदाचं संपावं' ही इच्छा.

पुण्यात आयटी कंपनीत काम करणारी एक तरुण स्त्री. नवऱ्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर, वय चाळिशीच्या आत. मुलगी पहिलीत. ती घरून काम करायची, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून त्याची उलटी धरायची. "मला त्याचा राग यायचा," ती म्हणाली. "तो आजारी पडला म्हणून नाही. तो इतरांशी छान बोलायचा म्हणून. मित्र आले की हसायचा, जोक मारायचा. ते गेले की माझ्यावर खेकसायचा. पाणी गार का, पडदा का लावला. मी एकदा बाथरूममध्ये नळ सोडून मोठ्याने शिव्या दिल्या. आणि मग एका रात्री तो कण्हत असताना माझ्या मनात आलं, किती दिवस अजून? ते वाक्य मनात आलं आणि मी स्वतःलाच घाबरले. आपण राक्षस आहोत असं वाटलं."

ती राक्षस नव्हती. १९४२ साली बॉस्टनमधल्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला भीषण आग लागली. त्यातून वाचलेल्यांचा आणि मृतांच्या आप्तांचा अभ्यास मानसोपचारतज्ज्ञ एरिख लिंडेमन यांनी केला. १९४४मधल्या त्या निबंधाच्या शेवटाकडे त्यांनी आणखी एका गोष्टीची नोंद केली आहे: आगाऊ केलेल्या शोकाची. युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या बायका नवऱ्याच्या मरणाच्या शक्यतेशी मनातल्या मनात इतक्या झुंजायच्या, की कधी कधी त्यांचा शोक आधीच होऊन जायचा. एक सैनिक जिवंत परतला तर बायकोचं प्रेम उरलं नव्हतं आणि ती घटस्फोट मागत होती. आगीत गेलेल्या माणसाचं दुःख नंतर सुरू होतं. कॅन्सरच्या घरात ते माणूस समोर असतानाच सुरू होतं, आणि त्या माणसाला उठवून बसवता बसवता करावं लागतं. नवऱ्याने औषध घेतलं का हे बघायचं, आणि त्याच मिनिटाला तो नसलेल्या घराचा हप्ता कसा भरायचा याचं गणित मांडायचं. या दोन गोष्टी एका डोक्यात राहणं म्हणजे पाप नव्हे. पण तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिने कुणाला विचारलंच नव्हतं. विचारणार कशी? घरात पुन्हा तेच: त्याच्यासमोर 'तू बरा होणार', सासूसासऱ्यांसमोर 'तो बरा होणार', आईला फोनवर 'मी बरी आहे'. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्यात जून महिन्यात वटपौर्णिमा आली. सोसायटीतल्या बायकांनी आग्रहाने वडाला नेलं. एक आजी प्रेमाने म्हणाल्या, "मनापासून माग, सावित्रीला दिलाच ना परत." त्या आजींचा हेतू चांगलाच होता. पण आपल्याकडे आजारी नवऱ्याच्या बायकोला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट ही यमाला हरवणारीची आहे. जिचा नवरा परत येत नाही तिच्यासाठी काय? तिने कमी मनापासून मागितलं? स्टीव्हन झारिट यांनी १९८०मध्ये काळजीवाहूंवरचा भार मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. आज ती २२ प्रश्नांच्या रूपात जगभर वापरली जाते. तिच्यात सोबत्याला येणाऱ्या रागाबद्दल, आपलं करणं अपुरं पडतंय या टोचणीबद्दल साध्या शब्दांत विचारलेलं आहे. कागदावर असा प्रश्न छापलेला असणं याचाच अर्थ, हे वाटणारे आपण पहिले नाही. पुण्याच्या त्या मुलीला हे एका समुपदेशकाकडे कळलं. ती म्हणते, तिथे तिने पहिल्यांदा 'मला हे संपायला हवंय' हे वाक्य मोठ्याने म्हटलं, आणि समोरच्या बाईंनी वहीतून मानही वर केली नाही, त्या एवढंच म्हणाल्या, "हो, बहुतेकांना हवं असतं. रात्री झोप किती होते?"

मला वाटतं, आपल्याला अशी जागा हवी असते. धीर द्यायला हजार जण येतात. ऐकून न दचकणारं एक माणूस मिळणं कठीण. मुंबईत 'व्ही केअर' १९९४ पासून कॅन्सरग्रस्तांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या आधारासाठी काम करते आहे. कुणाशीच प्रत्यक्ष बोलवत नसेल तर केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये ही सेवा सुरू झाली.

*

पुरुष सोबत्यांबद्दल दोन शब्द वेगळे लिहायला हवेत. मायकेल ग्लान्ट्झ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ५१५ विवाहित रुग्णांची पाहणी केली, ती २००९ साली प्रसिद्ध झाली. गंभीर आजारानंतर विभक्त होण्याचं किंवा घटस्फोटाचं प्रमाण नवरा आजारी असताना २.९ टक्के निघालं, आणि बायको आजारी असताना २०.८ टक्के. आपल्याकडे सहसा घटस्फोट होत नाहीत. आपल्याकडे 'माहेरी आराम पडेल' असं म्हणतात. ओपीडीच्या बाकांवर आजारी बाईसोबत तिचा भाऊ किंवा आई बसलेली दिसली की मी हल्ली काही विचारत नाही.

पण जे नवरे राहतात, त्यांच्या वाट्याला एक निराळाच प्रसंग येतो. बायकोच तोंडावर म्हणते, "सवाष्ण जाईन, चांगलंच आहे." हळदीकुंकवाने भरल्या कपाळाने जाणं हे भाग्य, हे तिच्या आईने, आजीने तिला शिकवलेलं. ती त्यातून धीर घेते. त्याने यावर काय म्हणायचं? हो म्हणायचं की नाही? डोंबिवलीच्या गृहस्थांनी सांगितलं, ते उठून भाजी परतायला गेले. पुरुषाला हातात काम लागतं. स्वयंपाक, डबे, औषधांचं वेळापत्रक, बिलांची फाईल, हे सगळं ते चोख करत होते. रडणं मात्र त्यांनी इतकं पुढे ढकललं की बीपी वाढून त्यांनाच एक रात्र ॲडमिट व्हावं लागलं.

ही शरीराची बाब हसण्यावारी नेण्यासारखी नाही. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी ६६ ते ९६ वयोगटातल्या जोडप्यांचा चार वर्षं अभ्यास केला. जोडीदाराची शुश्रूषा करताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका इतरांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळला. १९९९चा हा निष्कर्ष आहे. तरीही घरोघर दृश्य तेच. पेशंटच्या गोळ्यांचा डबा वारांप्रमाणे लावलेला, आणि करणाऱ्याच्या स्वतःच्या गोळ्या संपून आठवडा झालेला.

भेटायला येणाऱ्यांनी यात भर घालू नये, एवढं तरी करता येईल. पपईच्या पानांचा रस, कुठल्याशा गावचा वैद्य, गोमूत्राचा अर्क, 'हा व्हिडिओ बघच' असं सांगून पाठवलेली रील. प्रत्येक सल्ल्यामागे एक न बोललेलं वाक्य असतं, की तुम्ही पुरेसं करत नाही आहात. वर त्यांच्यासाठी चहा ठेवायचा असतोच. पुण्याच्या मुलीच्या एका मैत्रिणीने मात्र 'काही लागलं तर सांग' असं एकदाही म्हटलं नाही. ती दर मंगळवारी दुपारी यायची, दार लावून घ्यायची आणि म्हणायची, "जा, पाचच्या आत येऊ नकोस." पहिल्या मंगळवारी ती मुलगी गाडीत बसून नुसती झोपली.

*

'पॅलिएटिव्ह' हा शब्द ऐकला की नातेवाईकांचा चेहरा पडतो. हात टेकले असा त्याचा अर्थ घेतला जातो. प्रत्यक्षात २०१०मध्ये जेनिफर टेमेल यांचा बॉस्टनमधला अभ्यास आला. फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांपैकी ज्यांना सुरुवातीपासून ही सेवा मिळाली त्यांचं जगणं अधिक सुसह्य झालं, आणि मध्यक आयुष्यही ८.९ महिन्यांच्या जागी ११.६ महिने भरलं. टाटामध्ये हा विभाग १९९६ पासून आहे. वांद्र्याला 'शांती अवेदना सदन' १९८६ साली सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस. त्यांची शाखा गोव्यात लोटलीलाही आहे. पुण्यात वारजे इथे सिप्लाचं केंद्र १९९७ पासून चालू आहे. पण तिथे न्यायचं म्हटलं की भावकीत कुजबुज होते, 'टाकून आला'. आणि नेणाऱ्याच्याही मनात तेच असतं.

दुसरी भीती मॉर्फिनची. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने औषधी मॉर्फिन मिळवणंही परवान्यांच्या जाळ्यात अडकवलं होतं. २०१४च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली, तरी सगळीकडे ते सहज मिळतंच असं नाही. मिळालं तरी दर चार तासांनी गोळी द्यायची ती नवऱ्याने किंवा बायकोने. माणूस मध्यरात्री जातो, शेवटची गोळी दहाला दिलेली असते, आणि पुढची कित्येक वर्षं ती गोळी मनात राहते: माझ्याच हाताने... वेदनेच्या मापाने, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत दिलेलं मॉर्फिन वेदना मारतं, माणसाला नाही. हे डोस लिहून देतानाच, आधीच सांगायला हवं. तसंच घशातल्या घरघरीचंही. ती घशात साचलेल्या स्रावाची असते. तेव्हा पेशंट बहुधा त्या त्रासाच्या पलीकडे गेलेला असतो, ऐकणाऱ्यांचा मात्र जीव कासावीस होतो. ज्यांना हे आधी माहीत होतं ते उशाशी बसून राहू शकले. ज्यांना नव्हतं त्यांनी अँब्युलन्स बोलावली आणि शेवटचे तास आयसीयूच्या काचेबाहेर काढले. व्हेंटिलेटर नको म्हणण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८च्या निकालात मान्य केला आणि त्याची किचकट प्रक्रिया २०२३ साली थोडी सुटसुटीतही केली. पण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत 'लावायचं का?' असं विचारलं जातं तेव्हा कामाला येतो तो निकाल नव्हे, आधी घरात झालेला संवाद. तो झालेला नसेल तर 'नको' म्हणणारी बायको जन्मभर भावकीच्या आणि स्वतःच्या कोर्टात उभी राहते. डोंबिवलीच्या घरी तो झाला होता. बाईंनी दोन्ही मुलांसमोर सांगितलं होतं, "मला नळ्या नकोत, आणि बाबांना कुणी बोलायचं नाही." दुसरं वाक्य पहिल्याहून महत्त्वाचं ठरलं.

त्या घरीच गेल्या. त्यानंतरच्या रात्री ते गृहस्थ सलग नऊ तास झोपले. सकाळी जाग आली तेव्हा आधी हलकं वाटलं आणि लगेच शरम. लोक येऊन विचारत होते, शेवटी काय म्हणाल्या? त्या काही म्हणाल्या नव्हत्या, शेवटचे दोन दिवस झोपेतच होत्या. जे बोलायचं ते आधीच बोलून झालं होतं.

तेरावं झाल्यावर ते मुलाला घेऊन रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात गेले. फाउलर बेड आणि हवेची गादी अनामत भरून आणली होती, ती परत करायला. तिथले कार्यकर्ते असे प्रसंग रोज बघतात. त्यांनी 'पेशंट कसे आहेत' असं विचारलं नाही. रजिस्टर पुढे केलं, सही घेतली, अनामत परत दिली. बेडसाठी एक पन्नाशीचे गृहस्थ थांबलेले होते. बायकोसाठी न्यायचा होता, टेम्पो खाली उभा होता. "त्यांना म्हटलं, पायाकडची दांडी अडकते, आधी अर्धा फेरा उलटा द्या, मग उचलते. आणि गादीचा पंप रात्री आवाज करतो, त्याखाली जुना टॉवेल घाला. ते म्हणाले, थँक्यू. मग मी विचारलं, मिसेसना माहीत आहे का सगळं? त्यांनी मुलाकडे बघितलं. मी माझा फोन नंबर लिहून दिला."

त्या गृहस्थांचा फोन आठवड्याभराने आला. पंपाचं काहीतरी विचारायचं होतं म्हणे. बोलणं तासभर चाललं.